आमचं पाणी कुठी ठेवलं?

निवृत्त झालेल्या माणसाला लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. एक, वेळ कसा जातो? आणि दुसरा, तुम्ही नेमकं काय काम करत होता? पहिल्याला मी उत्तर देत नाही, कारण विचारणाऱ्याला स्वतःचा वेळ घालवायचा असतो. दुसऱ्याचं उत्तर आजवर धड देता आलं नाही, म्हणून हा लेख.

यवतमाळच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल होते. ग्रंथपाल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर 'शांतता राखा'ची पाटी आणि तिच्याखाली स्वेटर विणत बसलेली बाई येते. मला विणकाम येत नाही आणि शांतता मला स्वतःलाच राखता येत नाही, हे कॉलेजातला शिपाईसुद्धा सांगेल. पुस्तकांची देवघेव तर होतीच. पण नोकरीच्या शेवटच्या काळात माझ्याकडे एक निराळंच काम आलं. संशोधन करणाऱ्यांनी जमवलेली माहिती कायमची कुठे ठेवायची, ते ठरवायला मदत करायची.

हे जरा समजावून सांगते. संशोधक माणूस वर्षानुवर्षं काहीतरी मोजत असतो. कुणी पाऊस मोजतो, कुणी तुरीच्या शेंगा, कुणी नुसते प्रश्न विचारत गावोगाव फिरतो. त्यावर एक निबंध छापून येतो, सत्कार होतो, नारळ मिळतो. पण ज्या मोजमापावर तो निबंध उभा असतो ते मोजमाप कुठे जातं? पूर्वी कपाटात जायचं आणि उंदीर खायचे. पुढे कॉम्प्युटर आले आणि उंदरांचीही गरज उरली नाही. मग वरून फर्मान निघालं की ही कच्ची माहिती अशा ठिकाणी जमा करा, जिथे पन्नास वर्षांनी अनोळखी माणसालाही ती सापडेल आणि कळेल. अशा ठिकाणाला रिपॉझिटरी म्हणतात. आम्ही सरळ भांडार म्हणायचो.

गिऱ्हाइकं काय एकेक यायची! फुलसावंगीकडचा एक मुलगा सोयाबीनवरच्या किडींवर पीएचडी करत होता. मी विचारलं, "माहिती कुठे आहे?" तर म्हणाला, "माह्या बायकोच्या मोबाइलमदी हाये." मी म्हटलं, "आणि बायको?" "ते माहेरी गेलती, रागावून." बाप्पा! मी त्याला म्हटलं, आधी बायकोला घेऊन ये, भांडाराचं नंतर बघू. तो खरंच घेऊन आला. ती बाई माझ्यासमोर बसून किडींचे फोटो आणि तिच्या भावाच्या लग्नाचे फोटो वेगळे करत होती. दुपारभर चाललं होतं ते.

दुसऱ्या एका बाईंनी आपल्या फाइलला 'फायनल', मग 'फायनल नवीन', मग 'हीच फायनल' आणि मग 'आता खरंच फायनल' अशी नावं दिली होती. खरी फायनल यातली एकही नव्हती.

भांडार निवडताना मी सगळ्यांना तेच ते विचारत असे. या जागेचं विजेचं बिल कोण भरतं आणि तो माणूस गेल्यावर कोण भरेल? ती बंद पडली तर तुमची ठेव कुणाच्या हवाली करतील? तिथे तुमची माहिती एखादा जिवंत माणूस वाचून पाहतो की नुसतं यंत्र गिळतं? आणि शेवटी, चूक निघाली तर दुरुस्ती कोण करणार? हा शेवटचा प्रश्न ऐकताना लोक घड्याळाकडे बघायचे. आपल्या कामात चूक निघेल असं कुणाला वाटतच नाही.

राऊत सरांनाही वाटलं नव्हतं.

राऊत सर आमच्याकडे रसायनशास्त्र शिकवायचे. उंच, वाळके, शर्टच्या खिशाला कायम शाईचा डाग. सुटीच्या दिवशी ते स्कूटरला प्लास्टिकच्या बाटल्यांची पिशवी अडकवून मारेगावकडच्या खेड्यांत जायचे आणि विहिरींचं, हापशांचं पाणी भरून आणायचे. आमच्या जिल्ह्यात कुठे कुठे जमिनीतल्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. ते पाणी दिसायला नितळ, चवीला बरं. पण वर्षानुवर्षं प्यायलं की लेकरांच्या दातांवर तपकिरी पट्टे येतात आणि पुढे माणसांची पाठ, गुडघे धरतात. सर प्रत्येक ठिकाणचं पाणी तपासायचे, पुन्हा पुढच्या मोसमात जायचे. खेड्यांत त्यांचं नाव 'बाटलीवाले सर' पडलं होतं. ते नाव त्यांना फार आवडायचं.

एका गावात त्यांचं येणं-जाणं जास्त होतं. गावाचं खरं नाव लिहीत नाही, सावरखेड म्हणते. आपल्याकडे एकाच नावाची दोन गावं शेजारी असली की थोरलं ते बुद्रुक आणि धाकटं ते खुर्द. कागदावर बु. आणि खु. सावरखेडही असंच, मध्ये एक नाला. बुद्रुकचं पाणी गोड. खुर्दच्या हापशांचं वाईट. दोन गावांत हाक ऐकू जाईल एवढंच अंतर, पण खडक निराळा असावा.

खुर्दला सुमनताई अंगणवाडी सेविका होत्या. सरांसाठी बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, चहा ठेवायच्या, आणि "सर, तुमी नुसतं पानी घेऊन जाता, देत काई नाई," असं तोंडावर सुनवायच्या. सर हसायचे. त्यांच्याच खटपटीनं खुर्दच्या हापशांना लाल रंग लागला होता. लाल म्हणजे हे पाणी पिऊ नका. बाया मग नाला ओलांडून बुद्रुकहून पाणी आणायच्या. पण नाल्याला पूर आला की लाल काय अन् निळा काय, तेच प्यावं लागायचं.

सर निवृत्तीला आले तसे माझ्याकडे आले. "मॅडम, एवढे वर्सं पाणी मोजलं. आता हे कुठं ठेवायचं ते सांगा."

मी सांगितलं. एक तर आपल्या कॉलेजचा कॉम्प्युटर, जिन्याखालच्या खोलीतला, ज्याच्यावर कबुतरं बसतात. त्याचं नावच काढायचं नव्हतं. दुसरं, नागपूरकडचं एक छोटं भांडार. तिथे मराठीत नावं लिहिता येतात, फोन केला तर एक बाई उचलते आणि चूक सांगितली तर चहा पिऊन झाल्यावर दुरुस्त करते. पण त्यांचा कारभार एका योजनेवर चालायचा, ती योजना किती दिवस चालेल याची खात्री नाही. तिसरं, परदेशातलं एक मोठं भांडार. पैसे लागत नाहीत, ठेवलेल्या प्रत्येक गोष्टीला कायमचा क्रमांक मिळतो आणि तिथे ठेवलेलं कधीच काढून टाकत नाहीत.

मी म्हटलं, "नागपूरचं घ्या. माणूस भेटतो तिथे."

"अन् त्या बाई रिटायर झाल्या मंग?"

"मीही होणार आहे. म्हणून काय मला पुसून टाकणार आहात?"

सर हसले नाहीत. चहाचा कप बाजूला ठेवून म्हणाले, "तुम्हाले माहीत नाही मॅडम. मी एका प्रकल्पाच्या वेबसाइटवर आकडे दिले होते. प्रकल्प संपला, वेबसाइट गेली. एका साहेबानं मले समोर बसवून विचारलं, हे लाल आकडे जरासे कमी दिसतील असं करता येते का? मी नाही म्हन्लं. तर त्यांच्या अहवालातून माहे आकडेच गायब! म्हणून मले अशी जागा पाहिजे, जिथं एकदा ठेवलं की कोणाच्या बापाले पुसता येणार नाही."

"आणि तुम्हाला स्वतःला?"

"मलेबी नाही," सर म्हणाले, आणि ते म्हणताना त्यांचा चेहरा इतका समाधानी होता की मी पुढे भांडले नाही. माणसाला ज्या गोष्टीनं पोळलेलं असतं त्याच गोष्टीपासून वाचवणारी जागा तो शोधतो. माझा नागपूरचा आग्रह तसाच राहिला.

फाइल तयार करताना मात्र मी त्यांना छळलं. सावरखेडचं इंग्रजी स्पेलिंग त्यांनी दर वेळी वेगळं केलेलं, कधी व्ही, कधी डब्ल्यू. मी म्हणायचे, "सर, नावं एकसारखी करा. पन्नास वर्षांनी वाचणाऱ्याला ही वेगवेगळी गावं वाटतील." ते चिडायचे, पण करायचे. बुद्रुक आणि खुर्द त्यांनी कंसात लिहिलं होतं, बु. आणि खु. आपल्या सातबाऱ्यापासून एसटीच्या पाटीपर्यंत सगळीकडे असंच लिहितात. त्यात समजावून सांगण्यासारखं काही आहे हे त्यांच्याही डोक्यात आलं नाही आणि माझ्याही.

फाइल परदेशातल्या भांडारात गेली आणि सर आजारी पडले. नागपूरला दवाखान्यात होते. तिथून त्यांचा फोन आला. आवाज खोल गेलेला, पण खुशीत. "मॅडम, भांडारवाल्यांचा मेल आला. त्यांच्याकडं खरंच माणूस बसून वाचते हो! आपल्या फाइलमधले बिनकामाचे कंस काढले म्हणे, गावांची नावं एकसारखी करून दिली. चालेल का म्हणून विचारलं. मी थँक्यू म्हणून कळवलं."

मला काय वाटलं? मला आनंद वाटला. मी म्हटलं, "बघा, मी सांगत होते ते त्यांनी केलं."

ते आमचं शेवटचं बोलणं. सर गेले. कॉलेजात शोकसभा झाली, मी दोन शब्द बोलले आणि तिसऱ्याला रडले. नंतर मीही निवृत्त झाले.

आणि मग एका दुपारी माझ्या घराची बेल वाजली. दारात सुमनताई. हातात सीताफळांची पिशवी, कपाळावर घाम. कॉलेजातून माझा पत्ता काढत, ऑटो बदलत आल्या होत्या. पाणीसुद्धा न घेता त्यांनी विचारलं, "मॅडम, सरानं आमचं पानी कुठी ठेवलं जी?"

मला आधी कळेचना. "पाणी?"

"आवं, ते मोजेलं पानी. सर म्हनत होते, असं ठेवलं का कोनी पुसू नाई शकत. मंग आमच्या गावाचं काहून पुसलं?"

बसवलं त्यांना. हळूहळू सगळं कळलं. सर गेल्यावर पाणी शुद्ध करायची यंत्रं कुठल्या गावांना द्यायची याची एक पाहणी झाली होती. पाहणीचं काम मिळालेली मंडळी शहरातली. गावात न जाता त्यांनी इंटरनेटवरून सरांचे आकडे घेतले. यादी लागली, त्यात खुर्द नव्हतं. सुमनताईंनी पंचायतीत विचारलं, तालुक्याला खेटे घातले. शेवटी कुणीतरी कागद दाखवला. सावरखेड, पाणी पिण्यालायक. खाली सरांचं नाव.

"लोकं म्हनून राह्यले, बाटलीवाले सरच म्हनते पानी चांगलं हाये. हापशीचा लाल रंग उडला, तर कोनी पुन्हा लावला बी नाई. बाया म्हनते, कायले नाला वलांडाचा मंग? माही नात आरू तेच पानी पिऊन राह्यली, रांगत होती तवापासून. आता अंगनवाडीत येते." त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. "सर खोटं नाई बोलाचे जी, मॅडम."

मी मोबाइलवर भांडार उघडलं. सरांची फाइल होती, क्रमांकासकट. आणि सावरखेडपुढे ना बु. ना खु. चार हापशा, सगळ्या एकाच नावाखाली. दोन बुद्रुकच्या, त्यांचं पाणी गोड; दोन खुर्दच्या, त्यांचं वाईट. कुणीतरी सरासरी काढली असणार आणि सरासरी ठीक निघाली असणार. आपल्याकडच्या कुणी पाहिलं असतं तर एका नजरेत ओळखलं असतं. पण तिकडच्या त्या भल्या माणसाला, ज्यानं सरांची फाइल मन लावून वाचली होती, त्याला ती दोन अक्षरं म्हणजे पुसायचा राहिलेला कचरा वाटली.

मला सरांचा इतका राग आला! गेलेल्या माणसावर कुणी असं रागावतं का? पण मी रागावले. नागपूरचं भांडार घेतलं असतं तर मी त्याच मिनिटाला त्या बाईला फोन लावला असता. थँक्यू म्हणून कळवण्याआधी फाइल उघडून तरी बघायची. पण दवाखान्यात नळ्या लावलेला माणूस काय उघडणार आणि काय बघणार. मला रडू आलं, आणि सुमनताई मलाच पाणी द्यायला उठल्या.

मी भांडाराला लिहिलं. उत्तर फार सभ्य आलं. आम्हाला वाईट वाटतं, परंतु ठेवलेली फाइल बदलता येत नाही, आमचा वायदाच तो आहे. सुधारलेली फाइल तिच्या शेजारी ठेवता येईल, पण ती ज्यानं ठेव ठेवली त्यानंच द्यायला हवी. मी कळवलं, ते वारले. त्यावर उत्तर, मग वारसांनी अर्ज करावा, पुरावे जोडावेत. राऊतवहिनी मुलाकडे राहायला गेल्या होत्या. त्या म्हणाल्या, "ताई, ह्यांच्या पेन्शनचे कागद अजून होऊन राह्यले, त्यात हे कुठं?" पण त्यांनी सह्या केल्या. मृत्यूचा दाखला मराठीत, त्याचं भाषांतर, भाषांतरावर शिक्का. प्रत्येक कागदाला उत्तर यायचं आणि प्रत्येक उत्तर सभ्य असायचं. त्या सभ्यपणाचा मला वीट आला. ते लोक वाईट नव्हते. ते शब्दाला जागत होते, एवढंच.

मूळ फाइल हवी होती, कंसांसकट. सरांचा कॉम्प्युटर घरच्यांनी देऊन टाकला होता. ती मिळाली कुठे, तर जिन्याखालच्या खोलीत, फाइल तयार करताना पडून राहिलेली प्रत. कबुतरांच्या कॉम्प्युटरवर. ज्याचं आम्ही नाव काढत नव्हतो त्यानंच बुद्रुक आणि खुर्द वेगळे सांभाळले होते, आणि जगात कुणालाच ते दिसत नव्हते. मी तिथे उभी राहून वेड्यासारखी हसले. नव्या ग्रंथपाल बाई घाबरल्या.

तिकडे कॉलेजातल्या नव्या सरांकडून खुर्दचं पाणी पुन्हा तपासून घेतलं. आकडे वाईटच आले. ते घेऊन सुमनताई आणि मी यंत्रं देणाऱ्या सरकारी कार्यालयात गेलो. साहेब चांगले होते, खुर्ची दिली. म्हणाले, "मॅडम, तुमचं बरोबर आहे. पण हा टप्पा बंद झाला. पुढच्या टप्प्यात घेऊ."

"पुढचा टप्पा कधी हाये जी?" सुमनताईंनी विचारलं.

"येईल."

त्यांच्या त्या 'येईल'वर मी बोलणार होते, पण सुमनताईंनी माझा हात दाबला. त्यांना पुन्हा याच दारात यायचं होतं.

पुढचा टप्पा आला, हे सांगायला हवं. खुर्दला यंत्र बसलं. हार घातले, फोटो निघाले. मला बोलावलं होतं, मी गेले. सरांचं नाव कुणी घेतलं नाही. त्या कागदापायी गावात ते अजून थोडं वाईटच होतं. सुमनताईंनी यंत्राचं पहिलं पाणी पेल्यात घेतलं, थोडं जमिनीवर सांडलं आणि म्हणाल्या, "हे बाटलीवाल्या सराचं." माझ्याच्यानं तिथे थांबवेना.

परवा त्या पुन्हा आल्या होत्या. दिवाळीच्या बाजाराला यवतमाळला आल्या होत्या, सोबत आरू. शाळेत जाते आता. गोरीगोमटी, दोन वेण्या, फ्रॉकला नवी लेस. मी तिला चिवडा दिला तर तोंडावर हात धरून खात होती. माझ्या लक्षात आलं.

भांडारात सुधारलेली फाइल शेवटी लागली होती. ती दाखवायला मी मोबाइल काढला. सावरखेड बुद्रुक, सावरखेड खुर्द, पूर्ण अक्षरांत, वेगवेगळे. सुमनताईंनी चष्मा लावून बोटानं वाचलं. चेहरा खुलला. मग बोट आणखी खाली सरकलं आणि त्यांना जुनी फाइल दिसली. नुसतं सावरखेड.

"हे चुकीचं अजून काहून हाये जी?"

"ते पुसता येत नाही, सुमनताई. ते कायमचं आहे."

त्यांनी चष्मा काढला. नातीला जवळ ओढलं. "आरू, मॅडमले दात दाखव." पोरगी मान हलवत होती, तोंड दाबून धरत होती. आजीनं तिचा हात हळूच खाली घेतला. समोरचे दोन दात नुकते आले होते, रुंद, नवे. त्यांवर आडवे तपकिरी पट्टे.

सर सांगायचे, दात हिरडीच्या आत असतानाच रंगतात. बाहेर येतात तेव्हा आपण काही करू शकत नाही.

"दुधाचे कसे पांढरे फेक होते जी, मॅडम," सुमनताई म्हणाल्या. "ते पडले. हे आता कायमचे."